रात्रीचे साडेदहा आणि 'गुड मॉर्निंग'

"काल फक्त चार तास झोपलो रे..."

हे वाक्य आपल्या क्षेत्रात तक्रार म्हणून कमी आणि पराक्रम म्हणून जास्त ऐकू येतं. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी उभं राहा. एक जण चार तास म्हणतो, की दुसरा लगेच साडेतीनवर येतो. लिलावच जणू, फक्त बोली खाली खाली जाणारी. "मी काल मस्त आठ तास झोपलो" असं कुणी म्हणालंच, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की याला बहुतेक कामच नसावं.

आपल्याकडे जागणाऱ्याला मान आहेच म्हणा. कोजागिरीला लक्ष्मी 'को जागर्ति?' म्हणत फिरते आणि जो जागा सापडेल त्याला पावते. पण मंडळी, कोजागिरी वर्षातून एकदाच येते, आणि तीही मसाला दुधासकट! आपण ती वर्षभर साजरी करतो आहोत, आणि दुधाऐवजी व्हेंडिंग मशीनचा चहा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. झोप कमी पडणं हा आपण समजतो तसा फक्त शिस्तीचा किंवा मोबाईलचा प्रश्न नाही. आपल्या धंद्यात प्रत्येक प्लॅनमध्ये एक बफर धरलेला असतो, जो कुठल्याच एक्सेल शीटमध्ये दिसत नाही. तो म्हणजे आपली झोप. डेडलाईन चुकली, एस्टिमेट हुकलं, क्लायंटने मध्येच काही बदललं, की हप्ता तिथून कापला जातो. म्हणून सवयी सुधाराच, पण बरोबरीने हा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा.

आधी जरा यंत्रणा कशी चालते ते बघू. (आपण इंजिनियर लोक, आर्किटेक्चर कळल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.)

१९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने झोपेचं एक मॉडेल मांडलं. ते थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहे. त्यात दोन प्रक्रिया आहेत. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागे झाल्यापासून मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितका दाब जास्त. झोपलं की तो उतरतो. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ, साधारण चोवीस तासांचं. हे घड्याळ तुम्ही किती दमलात ते बघत नाही, ते आपल्या वेळापत्रकाने चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली प्रक्रिया म्हणजे भरत जाणारी क्यू आणि दुसरी म्हणजे क्रॉन जॉब. दोन्ही जुळून आल्या की माणूस ढाराढूर. जुळल्या नाहीत की मग पहाटे तीनला छताकडे बघत बसा.

हे घड्याळ खरंच आत असतं याचा पहिला पुरावा चक्क एका लाजाळूने दिला. १७२९ साली द मैराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तसलं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही पानं आपल्या वेळेला उघडत होती आणि मिटत होती. आणि हे घड्याळ पेशींमध्ये नेमकं कसं चालतं, हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणजे लाजाळूपासून नोबेलपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं लागली. आपण मात्र हे घड्याळ एका कॅलेंडर इन्व्हाईटने फिरवू बघतो.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं, "मला चालतं रे पाच-सहा तासांत, सवय आहे."

या वाक्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. का, ते सांगतो. २००३ साली अमेरिकेत व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रात्री सहाच तास अंथरुणात राहू दिलं आणि रोज त्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली. शेवटी शेवटी काही चाचण्यांत ती रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. पण गंमत (खरं तर गंमत नाहीच) पुढे आहे. त्या लोकांना स्वतःला ते कळत नव्हतं. झोप येतेय असं वाटणं सुरुवातीला वाढलं आणि मग जवळपास तिथेच थांबलं. कामगिरी मात्र घसरतच राहिली.

म्हणजे बघा, ज्या सेन्सरने बिघाड सांगायचा तोच सेन्सर बिघडलेला. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड हिरवागार आणि आत सर्व्हर धापा टाकतोय. अशा सिस्टीमवर तुम्ही विश्वास ठेवाल का? मग "मला चालतं" या साक्षीवर कसा ठेवायचा? थोडक्या झोपेत खरोखर भागणारी माणसं जगात आहेत, पण फार विरळा. ती नेमकी सगळी आपल्याच मजल्यावर बसलेली असतील ही शक्यता कमीच.

मोठ्या माणसांना नियमितपणे सात तास किंवा अधिक झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली एकत्र सांगितलं. सात! त्यात 'करिअरच्या सुरुवातीची पाच वर्षं वगळून' अशी तळटीप कुठेही नाही.

आता दुसरा आकडा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड यांचा एक छोटासा शोधनिबंध आला. सलग सतरा तास जागं राहिल्यावर हाताडोळ्यांचा मेळ जितका बिघडतो, तो रक्तातल्या ०.०५ टक्के अल्कोहोलइतका असतो, असं त्यांना आढळलं. चोवीस तास जागं राहिलं तर साधारण ०.१० टक्के. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. हिशेब करा. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बारा वाजता ऑफिसातून गाडी काढतो, तेव्हा त्याने थेंबभरही घेतलेली नसताना त्याचे हात कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखे चालत असतात. पण नाकाबंदीवरचा हवालदार त्याला फुंकायला लावेल आणि हसून "जा साहेब" म्हणेल. जागरण मोजणारं यंत्र अजून त्याच्या हातात नाही.

माझ्या आधीच्या एका कंपनीतला एक सहकारी. रिलीजची रात्र होती. सकाळी सातला उठलेला हा गडी रात्री सव्वातीनला निघाला, म्हणजे वीस तास जागा. रावेतच्या अलीकडे उभ्या ट्रकला मागून धडकला. ब्रेकच्या खुणाच नव्हत्या रस्त्यावर. नशीब बलवत्तर, खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं. पुढच्या आठवड्यात त्या रिलीजची रीतसर चिकित्सा झाली. त्या रात्री सर्व्हर चार मिनिटं बंद पडला होता, त्याची कारणमीमांसा दोन पानं भरून लिहिली गेली. कुठली स्क्रिप्ट, कुणाचं अप्रूव्हल, पुढे काय काळजी घ्यायची, सगळं. त्या हाडाचं तिकीट मात्र कुणी काढलं नाही. ऑफिसच्या दाराबाहेर झालं ना ते!

त्या बैठकीत वाईट माणूस एकही नव्हता. सगळे त्याला हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते, फळं घेऊन. पण एकवीस तास सुरू असलेला लॅपटॉप जितका विचार करायला लावतो, तितका वीस तास जागा असलेला माणूस लावत नाही. हेच मला खुपतं.

आता येऊ आपल्या खास दुखण्याकडे. साडेदहाचा कॉल.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि आपला तोच कॉल साडेदहावर येऊन बसतो, थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. तिकडच्या माणसाला एक तास झोप जास्त मिळते. इकडे पुण्यातल्या आणि हैदराबादमधल्या हजारो घरांत झोपेची वेळ एक तास पुढे ढकलली जाते, आणि कुणी कुणाला विचारतसुद्धा नाही. कॅलेंडर आपोआप बदलतं ना!

आणि कॉल संपला की झोप येते असंही नाही. तासभर एखाद्या डिफेक्टवरून वाद घालून झाल्यावर डोकं गरम, समोर उजळलेली स्क्रीन, मग "जरा डोकं शांत होऊ दे" म्हणून रील्स. बघता बघता दीड वाजतो.

यातली विसंगती मला मोठी मजेशीर वाटते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. (सणावारांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट.) सोसायटीबाहेरचा डीजे सव्वादहाला चालू असला तर आपण तावातावाने ११२ फिरवतो, झोपेचं खोबरं झालं म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर निबंध लिहितो. आणि त्याच माणसाचा कॉल साडेदहाला सुरू झाला, की तो घसा खाकरतो, म्यूट काढतो आणि प्रसन्न आवाजात म्हणतो, "गुड मॉर्निंग!"

झोपेच्या हक्काची गोष्ट न्यायालयांनी आपल्यापेक्षा गांभीर्याने घेतली आहे. रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर २०११ मध्ये पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली, त्या प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शांत झोपेचा संबंध घटनेच्या २१व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीच्या रात्रभर चाललेल्या चौकशीवर ताशेरे ओढताना झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे असं सांगितलं. ऑफिसच्या बाबतीत मात्र कायदा अजून आपल्या मदतीला आलेला नाही. २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खाजगी विधेयक मांडलं होतं. खाजगी विधेयकांचं बहुधा जे होतं तेच त्याचं झालं. तेव्हा तूर्तास आपलं आपणच बघायचं आहे.

कुणी म्हणेल, "अरे, रात्री कामं करणारे आपण एकटेच आहोत का? नर्स आहेत, वॉचमन आहेत, रेल्वेवाले आहेत." अगदी बरोबर. आणि त्यांची किंमत आपल्यापेक्षा जबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ साली 'बहुधा कर्करोगजनक' गटात टाकलं, आणि २०१९ साली फेरतपासणी करून तिथेच ठेवलं. पण नर्सला रात्री जागावंच लागतं, कारण रोगी सकाळपर्यंत थांबत नाही. आपलं स्टेटस अपडेट थांबू शकतं. जी रात्र टाळता येत नाही आणि जी फक्त कुणी विचारलं नाही म्हणून जाते, त्यांना एकाच तागडीत घालू नका.

हे विचारून बघण्याचं मी मनावर घेतलं. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळं बदलण्याच्या आधी, क्लायंटकडच्या मॅनेजरला एक साधी मेल टाकली. रोजचा कॉल आठवड्यातून दोनच दिवस ठेवू, तोही तुमच्या सकाळी सातला, म्हणजे हिवाळ्यातही आमच्या साडेआठला. बाकीचे तीन दिवस दोन्हीकडून लेखी अपडेट. खरं काही पेटलंच तर फोन आहेच. मला वाटलं होतं आता बराच खल होणार. त्याचं उत्तर आलं, की सात जरा लवकर आहे, मंगळवारी मुलीला शाळेत सोडायचं असतं, सोमवार आणि गुरुवार चालेल का? बस्स! इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना वाटायचं आम्हाला हीच वेळ सोयीची आहे.

प्रत्येक ठिकाणी इतकं सोपं जाईल असं मी म्हणत नाही. नवीन लागलेल्या पोराने अशी मेल टाकावी अशी अपेक्षा तर मुळीच नाही. पण ज्यांच्या नावापुढे 'लीड' किंवा 'मॅनेजर' लागलंय, त्यांनी ती टाकायला काय हरकत आहे? भत्ता मागायचा नाही, बजेट मागायचं नाही. आणि जिथे वेळ खरंच बदलत नाही, तिथे निदान पाळी लावा. एक महिना आपण जागू, एक महिना ते. रिलीज रात्रीच करायचं असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी, आणि घरी जायला कॅब. गाडीची किल्ली खिशातच राहू द्या.

आता उरलेला अर्धा भाग, जो आपल्या हातात आहे. यादी फार मोठी करत नाही, मोठ्या याद्या कुणी पाळत नाही.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं : उठायची वेळ ठरवा. झोपायची नव्हे, उठायची. झोप हुकमाने येत नाही, पण गजर हुकमाने लावता येतो. रोज एकाच वेळी उठलं की घड्याळ त्याभोवती स्वतःला लावून घेतं. शनिवार-रविवारीसुद्धा फार तर तासाभराचा फरक. पाच दिवस सातला आणि दोन दिवस अकराला उठणं म्हणजे दर शुक्रवारी पश्चिमेला चार टाईम झोन उडून जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. शास्त्रज्ञांनी याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलंय. आपली सोमवारची मरगळ ती हीच, मॅनेजरचा दोष त्यात निम्माच.

दुसरं : उठल्यावर अर्धा तास बाहेरचा उजेड. ऑफिसातला उजेड तीनशे ते पाचशे लक्स असतो, ढगाळ दिवशीही बाहेर त्याच्या कित्येक पट. शरीराचं घड्याळ रोज याच उजेडावर मिळवलं जातं. दूध आणायला स्वतः खाली जा, अॅपवरून मागवू नका.

तिसरं : चहा-कॉफी. कॅफीन अडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. दाब तसाच असतो, फक्त काटा झाकला जातो. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाला टपरीवर घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला आत जागं असतं. तीननंतर नको. आणि "दोन पेग घेतले की छान झोप लागते" हेही अर्धसत्य. लागते लवकर, पण उत्तररात्री तुटत राहते, आणि साखरझोपेचा बळी जातो. ही पहाटेची झोप म्हणजे चैन नव्हे बरं का. स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या याच टोकाला असतो.

चौथं : पलंग झोपायलाच ठेवा. पीजीत राहणारे म्हणतील, "अरे, पलंगच माझं ऑफिस, तोच डायनिंग टेबल!" मान्य. मग निदान कामाला पायथ्याकडे तोंड करून बसा, झोपताना चादर बदला, काहीतरी फरक करा. आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर कूस बदलत पडून राहू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत या. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सुचवलेली ही युक्ती आजही निद्रानाशाच्या उपचारांत वापरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ आणा.

पाचवं : एवढं करूनही तीन महिने, आठवड्यातल्या तीन-तीन रात्री झोप येत नसेल, तर डॉक्टरकडे जा. आणि 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' बद्दल विचारा. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सांगितलंय. सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंगत असाल, आणि घरचे घोरण्याला आणि मध्येच श्वास अडकण्याला कंटाळले असतील, तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. घोरणं हा विनोदाचा विषय आहे, श्वास थांबणं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक लागली तर कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली तर धोंड्यावरही लागते. आपण हजारोंची मेमरी फोम गादी घेतली, ती ऐपत आहे आपली. नाही आहेत ते फक्त सात तास. ते मागायला सुरुवात कुठून करायची, तर सोमवारी कॅलेंडर उघडून रात्री साडेनऊच्या पुढच्या मीटिंगा मोजण्यापासून. ज्या तुम्ही स्वतः लावलेल्या असतील, त्या आधी हलवा. ज्या दुसऱ्याने लावल्या असतील, त्याला एक मेल टाका.

असो. शनिवारचे दहा वाजत आले, आणि उद्याही सातलाच उठायचं आहे. कॉमेंट्स सकाळी वाचीन.